उणे चार नळ

सकाळी दुकान उघडलं, पंखा लावला, काउंटर पुसला, संगणक सुरू केला आणि शेकडो काळ्या ओळींमध्ये एक ओळ लाल दिसली. पितळी नळ, जड, जुन्या आट्यांचा. शिल्लक : उणे चार. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. उणे चारच. शून्य मला चालतं. शून्य म्हणजे माल संपला. मागवायचा असेल तर मागवा, नाहीतर विसरून जा. पण उणे? आमच्या दुकानात चार नळ नाहीत इथवर ठीक आहे, आमच्या दुकानात हत्तीही नाहीत. पण नसण्याच्याही खाली चार पायऱ्या उतरून हे नळ कुठे जाऊन बसले? उठून मागच्या फळीपाशी गेलो. पूर्वी तिथे ते नळ असायचे. आता टाक्यांची झाकणं होती, मीच रचलेली. झाकणं उचलून खाली बघितलं. असणार काय, कपाळ. तरी बघितलं. मग परत येऊन खुर्चीत बसलो आणि बसवेना. दाढी करताना कापलेलं दिवसभर चुरचुरत राहतं, तसं ते उणे चार माझ्या मागे लागलं. म्हटलं, सोडून दे रे, चार नळांसाठी कसला जीव काढतोस. पण मी सोडणाऱ्यांतला नाही. ही बायकोची तक्रार आहे आणि तिच्या तक्रारी सहसा खऱ्या असतात.

ही पद्धत मी आणली. त्याआधी एका मोठ्या औषधांच्या गोदामात मी मालाची नोंद ठेवायचो. तिथे डब्बा आत आला की त्याच क्षणी जमा, बाहेर गेला की त्याच क्षणी वजा, आणि शिल्लक किती ते कायम डोळ्यांसमोर. विक्री झाली की नोंदी दोन : गिऱ्हाइकानं काय दिलं ती एक, आणि गेलेला माल आपल्याला कितीला पडला होता ती दुसरी. दोन्ही जिथल्या तिथे झाल्या की वर्षाअखेरीस दुकान बंद करून मोजत बसायला नको. मला ते फार आवडायचं. बाहेरच्या जगात कुठली गोष्ट उरलीय आणि कुठली संपलीय याचा पत्ता लागत नाही, तिथे लागायचा. मग ती कंपनी दुसऱ्या कंपनीनं गिळली, आम्हाला घरी पाठवलं, आणि मी बाबांच्या दुकानात आलो. तात्पुरता. नळ, पाइप, वॉशर, कोपरे, जोड, संडासाच्या टाकीचे गोळे. असं हे तात्पुरतं चाललंय, केस पिकले त्यात.

बाबांकडे नोंद नव्हतीच. माल त्यांच्या डोळ्यांत असायचा. वर्षातून एकदा दुकानाचं शटर अर्धं ओढून मोजणी व्हायची. ते शिडीवर, आई खाली स्टुलावर वही घेऊन, आणि शाळा बुडवून आलेला मी जमिनीवर फतकल मारून वॉशरांचे ढीग करत. बाबा वरून ओरडायचे, आई लिहायची, मधेच पेन थांबवून म्हणायची, "हे काय, पाऊण इंची कोपरे परवा जास्त होते, रात्रीतून चालत गेले का?" बाबा म्हणायचे, "लिही गं, आहेत तेवढे लिही." ती म्हणायची, "लिहिते. नवरा एक, शिडीवर, जुना माल." मग ते हसायचे आणि शिडी हलायची. ग्रीसनं हात काळे व्हायचे, दिवसभर शटरखालून येणाऱ्या पट्टीभर उजेडात गिऱ्हाइकांचे पाय दिसायचे, कुणी वाकून विचारायचं, चालू आहे का हो, आणि बाबा मोजणी टाकून खाली उतरायचे. त्यामुळे मोजणी कधी बरोबर आलीच नाही. आली नाही म्हणून कुणाचं अडलंही नाही, हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा मी हिशेबात हुशार म्हणून नाक वर करून बसायचो.

तर मी आलो आणि दुकानाला शिस्त लावली. संगणक आला, प्रत्येक वस्तूला ओळ मिळाली. बाबा त्याला साहेब म्हणायला लागले. "विचार तुझ्या साहेबाला, अर्धा इंची जोड आहेत का. माझ्या हातात आहेत, पण तो काय म्हणतो ते बघ." मी चिडायचो. त्यांना शिकवताना माझ्या नाकी नऊ आले. एका बोटानं कळफलक दाबायचे, कोंबडी दाणे टिपते तसे. मी एकच गोष्ट घोकून घेतली : "विकलं की लगेच नोंद, बाबा. नंतर नाही. नंतर म्हणजे कधीच नाही." ते म्हणाले, "बरं." आणि बरं म्हटलं की त्यांच्याकडून ते होतंच, मग मनात असो नसो. साहेबानं पहिल्याच वर्षी सांगितलं की काय खपत नाही. यादीत सगळ्यात वर हाच पितळी नळ होता. जड, मळकट, जुन्या इमारतींच्या पाइपांना बसणारा. नव्या पाइपांचे आटे वेगळे. मी होते तेवढे घाऊकवाल्याला परत केले, त्याच्याकडून चकचकीत माल घेतला आणि ती ओळ शून्यावर आणून ठेवली. बाबा इतकंच म्हणाले, "लागले असते रे कुणाला तरी." मी म्हटलं, "बाबा, कुणाला तरी म्हणजे कुणाला? नाव सांगा." नाव त्यांना सांगता आलं नाही. तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

आणि आता ही ओळ शून्याच्या खाली. मी ती उघडून बघितली. गेल्या काही महिन्यांत एकेक करून चार विक्री. चारही बाबांनी केलेल्या, कारण त्या वेळी मी बँकेत नाहीतर वसुलीला गेलेलो. शिल्लक नसताना विकायला गेलं की साहेब अडवतो, मधे चौकट येते : शिल्लक नाही. तरीही पुढे जायचे? बाबांनी चारही वेळा हो म्हटलं होतं. पुढच्या रकान्यात माल कितीला पडला ते दिसतं. खरेदीची नोंदच नाही म्हणून तिथे शून्य. खर्च शून्य, येईल तेवढा सगळा नफा. बाकीच्या दुकानात टक्क्या-दोन टक्क्यांसाठी मी जिवाचं रान करतो आणि हे चार नळ आम्हाला फुकट पडले होते म्हणे. मी घाऊकवाल्याला फोन लावला. तो हसला. "अहो, ते साचे मोडून जमाना झाला. तुम्हाला कुठे मिळाले तर आधी मला सांगा." मी फोन ठेवला. नळ आले कुठून? बाबा भंगारवाल्यांकडे हिंडतात की काय? का चुकीच्या ओळीवर बोट पडतं आणि आपण भलतंच विकलं हे त्यांना कळतही नाही? आणि तसं असेल तर आणखी कशाकशाचं कळत नाही? वयाचं काय सांगावं. शेजारचा चष्मेवाला एक दिवस स्वतःच्याच दुकानाचा रस्ता विसरला होता. मला ते आठवायचं नव्हतं, पण आठवलं, आणि आठवल्याबरोबर थोडं बरंही वाटलं, ही त्यातली घाण गोष्ट. कारण पुढच्या महिन्यापासून काउंटरवर बसायला मी एका बाईंना सांगून ठेवलं होतं. संगणक येणारी, चटपटीत बाई. बाबांना घरी बसवायचं होतं. फक्त त्यांना सांगायचं राहिलं होतं. सांगायला कारण लागतं, आणि कारण सापडलं म्हणून मी आत कुठेतरी हात चोळत होतो की काय?

बायकोला फोन केला. ती शाळेत शिकवते, मधल्या सुट्टीत तिला पाचच मिनिटं असतात. तिनं ऐकून घेतलं. "अरे, मग विचार ना त्यांना सरळ." "विचारू काय? बाबा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" "नळ कुठून आले एवढंच विचार. डोक्याचं तू घालतोयस त्यात. आणि नळांचा विषय निघालाच आहे तर आपल्या धुण्याच्या जागेतला तो रणगाडा कधी काढणार आहेस?" ही तिची जुनी टकळी. आम्ही नवं घर घेतलं तेव्हा बाबा पिशवीत हाच पितळी नळ घेऊन हजर झाले होते. आमच्या पाइपाला बसेना, तर आटे बदलणारा जोड लावून स्वतः बसवून गेले. बाकी सगळं घर चकचकीत आणि धुण्याच्या जागेत हा. फिरवायला दोन हात लागतात. एकदा बंद केला की मात्र थेंब गळत नाही, हे बायकोही मान्य करते, पण नाइलाजानं.

बाबा आले ते नेहमीसारखे. पिशवी खिळ्याला अडकवली, गल्ल्यावर बसले, चष्मा कपाळावर ढकलला. मी आज त्यांच्याकडे बघत होतो म्हणून दिसलं की सदऱ्याची कॉलर मळली आहे. बाबांची कॉलर मी मळलेली पाहिलेली नाही. आई असताना नाही आणि ती गेल्यावरही नाही. नखं काळी. ती आमच्या धंद्यात असतातच, पण यात कालचाही मळ तसाच होता. मी म्हटलं, "बाबा, ते पितळी नळ. चार विकलेत तुम्ही." "विकले." "आले कुठून?" "होते." "होते म्हणजे कुठे होते? दुकानात एकही नव्हता." "अरे, होते म्हणजे होते. नसते तर विकले असते का? नोंद केलीय मी, लगेच केलीय." "नोंद केलीत हो, म्हणून तर विचारतोय!" माझा आवाज चढला. तेवढ्यात एक गवंडी वॉशर मागायला आला आणि बाबा त्याच्याकडे वळले, सुटल्यासारखे. त्याला हवं ते माप आमच्याकडे नव्हतं. साहेब शून्य म्हणत होता, मी मान हलवणार तोच बाबा बोलून गेले, "उद्या या."

या दोन शब्दांचा मला लहानपणापासून राग आहे. उद्या या. बाबांनी जन्मात गिऱ्हाइकाला नाही म्हटलेलं नाही. असेल तर देतील, नसेल तर उद्या या. मग संध्याकाळी सायकल काढून गावभर हिंडतील, दुसऱ्या दुकानदाराकडून घेतील, कुणाचं उतरवलेलं सामान साफ करून आणतील, आणि उद्या तो माणूस आला की जसं काही फळीवरच होतं अशा थाटात पुढे ठेवतील. जेवणं निवून जायची. आई दारात उभी राहायची. मी एकदा विचारलं होतं, "एकदा नाही म्हटलं तर काय होईल?" ते विचारात पडले होते, खरंच कधी तसा विचार केला नसावा. म्हणाले, "त्याच्या घरी पाणी वाहत असतं रे." त्या वेळी मी कॉलेजात होतो, मला ते उत्तर बावळटपणाचं वाटलं. आज त्या गवंड्याला उद्या या म्हणताना बाबांचा चेहरा बघितला, तर तो काही भ्रमिष्ट माणसाचा नव्हता. चांगला ठाकठीक, किंचित लबाड चेहरा होता. मग मला जास्तच भीती वाटली. डोकं शाबूत असलेला माणूस माझ्यापासून काहीतरी लपवत होता.

दुपारी आम्ही शटर ओढून डबे खाल्ले. पूर्वी बाबा दुपारी घरी जायचे. आताशा दुकानातच बाकावर आडवे होतात, जायचा कंटाळा येतो म्हणतात. संध्याकाळी जाताना इथून प्यायच्या पाण्याचा एक कॅन भरून नेतात. घरी दाब कमी आहे म्हणे. मीही हो म्हणून सोडून देत आलो होतो. आज जेवल्यावर ते खिसे चाचपायला लागले. रक्तदाबाची गोळी घरी राहिली होती. "जाऊन येतो," म्हणाले. मी म्हटलं, "ऊन आहे, मी आणतो." ते एकदम उठून बसले. "नको. एक दिवस नाही घेतली तर मरत नाही मी." "बाबा, चावी द्या." "अरे, नको म्हटलं ना!" एवढ्या मोठ्यानं ते माझ्यावर कधी बोलले नव्हते. चावी त्यांच्या पिशवीत असते, खिळ्याला. मी ती काढली. ते बघत राहिले, अडवलं नाही, बाकावर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

घर जवळच आहे. मी वाढलो ते घर. दोन खोल्या, मागे अरुंद गॅलरी. रस्त्यानं जाताना मी आठवत होतो की शेवटचा इथे कधी आलो, आणि आठवेना. रोज दुकानात भेटतोच की, असं मी बायकोला सांगायचो. ती म्हणायची, दुकानात भेटणं म्हणजे भेटणं का रे? आई गेल्यावर मी चार वेळा म्हटलं होतं, बाबा, आमच्याकडे चला. त्यांनी चार वेळा टाळलं, आणि पाचव्यांदा मी म्हटलं नाही. कुलूप उघडलं. घर स्वच्छ होतं, हे आधी जाणवलं आणि हायसं वाटलं. चादर ताणलेली, चपला भिंतीशी सरळ. गोळ्यांचा डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो तिथेच होता. कुलपाला लावलेल्या ग्रीसनं बोटं बरबटली होती, म्हणून डबा उघडण्याआधी हात धुवायला मी वळलो. ओट्यापाशी उभं राहून डावा हात पुढे केला आणि नळ फिरवला. हात हवेत फिरला. न बघता केलं होतं मी, तिथे बघायची गरज मला कधी पडलीच नव्हती. पुन्हा हात नेला. मग बघितलं. भिंतीतून पाइपाचं तोंड आलं होतं आणि त्यावर लोखंडी बूच बसवलेलं होतं. सूत गुंडाळून, व्यवस्थित, थेंब न गळणारं. बुचाभोवती भिंतीवर स्वच्छ गोल डाग होता, नळाची बैठक जिथे टेकायची तिथला.

मी बेसिनपाशी गेलो. बूच. गॅलरीत, जिथे आई कुंड्यांना पाणी घालायची, बूच. मागच्या मोरीत भांडी घासायच्या जागी, बूच. न्हाणीत मात्र खाली एक नळ होता, गुडघ्याएवढ्या उंचीवर, त्याखाली बादली. तिथून भरून आणलेली पातेली आणि तांबे ओट्यावर एका रांगेत उभे होते, प्रत्येकावर झाकण. वाकून भरायचं, उचलून आणायचं. या वयात, त्या कमरेनं. कपडे धुणं होत नसणार, म्हणून कॉलर. मी ओट्याजवळच्या आईच्या स्टुलावर बसलो. ते अजून तिथेच होतं. स्वयंपाकघरातला नळ ती राखेनं घासायची, इतका की त्यात तोंड दिसायचं, लांब आणि वाकडं. खेळून आलो की मी ओंजळ धरायचा कंटाळा करून सरळ त्याला तोंड लावायचो आणि पाठीत धपाटा बसायचा. पितळेची चव जिभेवर यायची, थंड आणि जराशी आंबट. बसल्या जागी ती चव माझ्या तोंडात आली. आणि पडद्यावरचा तो रकाना डोळ्यांपुढे आला. माल कितीला पडला : शून्य. मला रडू आलं. सांगायला लाज कसली, आलं. दुकानातला एकेक वॉशर कुठल्या फळीवर आहे ते मला या क्षणाला ठाऊक असतं, आणि माझा बाप बिननळाच्या घरात राहतोय हे ठाऊक नव्हतं. रडून झाल्यावर राग आला. त्यांच्यावर आला का माझ्यावर, ते बघायला थांबलो नाही. गोळीचा डबा उचलला आणि निघालो. हात धुवायचे राहिलेच.

बाबा बाकावर बसून होते. मी डबा त्यांच्यापुढे ठेवला. "बघितलंस," ते म्हणाले. "घरातले नळ विकलेत तुम्ही!" "ओरडू नकोस. विकले कसले, दिले. पैसे गल्ल्यात टाकले आणि साहेबाला सांगितलं. तूच म्हणालास, लगेच." "आणि तुम्ही राहता कसे?" "राहतो की. एकट्याला किती नळ लागतात रे? तोंड एक, हात दोन. मोरीत मी काय घासतोय, एक ताट?" "आणि स्वयंपाकघरातला? तोही?" त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले. "तो सगळ्यात शेवटी काढला," म्हणाले. "खरं सांगू? तो सोडला की आवाज यायचा. पातेल्यात पडल्याचा. ती आत आहे असं वाटायचं, मी दोनदा हाक मारली. मग त्या जुन्या इमारतीतला कंपाउंडर आला, त्याच्याकडे पाणी धो धो चाललेलं. म्हटलं, जा बाबा, तुझ्याकडे तरी वाहा." मला बोलायचंच होतं. आत इतकं काहीतरी उसळत होतं की गप्प बसलो असतो तर पुन्हा रडलो असतो, म्हणून मी तावातावानं बोललो. न्हाणीत पाय घसरून पडला असतात तर? कोण बघणार होतं? हा काय धंदा झाला? आणि मग जे महिनाभर सांगायचं राहिलं होतं तेही सांगून टाकलं. एका बाईंना मी विचारून ठेवलंय. पुढच्या महिन्यापासून त्या बसू शकतात. "तुम्हाला इथे बसायचं असेल तर एक अट. साहेब शून्य म्हणाला की नाही म्हणायचं. उद्या या नाही, बघतो नाही. नाही. आणि ते जमणार नसेल तर गल्ल्यावर बसू नका, बाबा." ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या हातांवरचं ग्रीस मी त्यांच्याशी बोलता बोलता माझ्याच शर्टाला पुसलं होतं. "बरं," ते म्हणाले.

दोन-तीन दिवस सगळं सुरळीत चाललं, म्हणजे मला झोप लागत नव्हती. मी त्यांच्या घरी प्लॅस्टिकचे नळ बसवायला निघालो होतो, त्यांनी ते आटे बघूनच परत केले, बसणार नाहीत, जुन्या पाइपाला नवा नळ बसवणारा जोड येत नाही म्हणाले. बायको म्हणाली, "आता तरी घेऊन ये त्यांना इकडे." त्यांना विचारलं, तर "बघू." दुकानात ते कमी बोलत होते. गिऱ्हाईक आलं की आधी पडद्याकडे वळायचे, चष्मा खाली ओढायचे, बोटानं ओळ शोधायचे आणि मग तोंड उघडायचे. मला हवं होतं तसंच, तंतोतंत. ते बघून माझ्या जिवाची नुसती तगमग होत होती. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "बाबा, साहेब काय म्हणतोय?" ते हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर म्हणतोय."

मग ती शिलाईकाम करणारी बाई आली. जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहते, आम्ही तिला वर्षानुवर्षं ओळखतो. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी तिनं काउंटरवर ठेवलं आणि उलगडलं. पितळी नळ, मधोमध चिरलेला. "काका, असाच द्या. दुसरा बसत नाही, नळकामवाल्यानं दोन आणून बघितले. कालपासून चिंधी बांधून ठेवलीय, तरी गळतंय. गिऱ्हाइकांचे कपडे सगळे पलंगावर रचलेत हो मी." तिची साडी घोट्यापर्यंत भिजलेली होती. बाबांनी तो नळ हातात घेतला. अंगठा त्याच्या चिरीवरून फिरवला, आट्यांवरून फिरवला. मग ठेवला. पडद्याकडे वळले. चष्मा खाली ओढला. ती लाल ओळ माझ्याइतकीच त्यांनाही पाठ होती, तरी बोटानं शोधली. मी मागच्या फळीपाशी जोडांची खोकी घेऊन उभा होतो आणि खोकी खाली ठेवायचं मला सुचेना.

"नाही," बाबा म्हणाले.

तिला ते कळलंच नाही. ती वाट बघत उभी राहिली, पुढचे शब्द ऐकायला. "मग उद्या येऊ?" तिनंच विचारलं. "नाही," ते पुन्हा म्हणाले, "माल नाही." त्यांचा आवाज आमच्या दुकानातला वाटला नाही. तिनं नळ पुन्हा फडक्यात गुंडाळायला घेतला. बाबा उठले. गल्ल्याचं झाकण लावलं, चष्मा खिशात ठेवला, खिळ्यावरची पिशवी काढून खांद्याला अडकवली. माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "जमलं मला. म्हटलं नाही. त्या संगणकवाल्या बाईंना बोलावून घे, पुढच्या महिन्याची वाट कशाला बघतोस. मी येतो." रागानं बोलले असते तर मला पेलता आलं असतं. ते काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर पडायला लागले, एक हात कमरेवर ठेवून, आणि शिलाईवाली बाई दारापाशी पोचली होती, आणि मला एवढंच समजत होतं की ही दोघं आत्ता पायरी उतरली तर नंतर कशाचीच शिल्लक राहणार नाही.

"अहो, थांबा!" मी ओरडलो. खोकी पडली, जोड सगळ्या दुकानभर घरंगळत गेले. ती दचकून वळली. काय बोलणार आहे ते मला बोलेपर्यंत ठाऊक नव्हतं. "उद्या या," मी म्हटलं.

ती हसली. "तरी म्हटलं," म्हणाली, आणि भिजली साडी सावरत गेली. बाबा फळीखाली अर्धे वाकलेले तसेच थांबले होते. मी जोड गोळा करायला खाली बसलो, त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. उद्या साहेब उणे पाच दाखवणार, हे डोक्यात आलं आणि निघूनही गेलं. मग पिशवी खिळ्याला अडकवल्याचा आवाज आला, मग गल्ल्यामागचं स्टूल करकरलं.

"धुण्याच्या जागेतला काढणार ना?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मग सूनबाईंना आधी सांग, पाणी भरून ठेवू दे. आणि बारीक पाना ने. मोठ्यानं त्याच्या कडा जातात."